वस्तीच्या झोपेला 45, विमानतळाला 65

कुर्ल्याच्या जरीमरीत किंवा बैलबाजारात कोणाशी बोलायला बसलात, की एक गोष्ट लगेच लक्षात येते. समोरचा माणूस वाक्याच्या मध्येच थांबतो, डोक्यावरून विमान जाऊ देतो आणि पुन्हा तिथूनच बोलू लागतो. वंदना चालू असतानाही हेच होते. कोणी तक्रार करत नाही, कारण सवय झाली आहे. ही सवय कोणामुळे लागली आणि तिची किंमत कोण मोजते, हा आमचा प्रश्न आहे.

मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरूनच वाहतूक चालते. तरीही येथे वर्षाला तीन लाखांहून अधिक विमाने उतरतात आणि उडतात. गर्दीच्या वेळी तासाला चाळीसहून अधिक, म्हणजे साधारण दर दीड मिनिटाला एक. रात्रीही हे थांबत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर देखभालीसाठी दोन्ही धावपट्ट्या काही तास बंद ठेवतात. 17 ऑक्टोबर 2024 रोजी त्या सकाळी 11 ते सायंकाळी 5 बंद होत्या. वस्तीच्या वाट्याला शांतता येते ती अशी, धावपट्टीच्या डागडुजीसाठी.

एकाच शहरात दोन मोजपट्ट्या

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल आहे. जून 2018 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने विमानतळांसाठी वेगळी मानके काढली. वर्षाला 50 हजारांहून अधिक विमानफेऱ्या असलेल्या विमानतळाला दिवसा 70 आणि रात्री 65 डेसिबलची मुभा मिळाली. त्याहून कमी वर्दळीच्या विमानतळाला 65 आणि 60. म्हणजे जिथे विमाने जास्त, तिथे सूटही जास्त. मर्यादा ठरवताना माणसाच्या कानाकडे पाहिले नाही, धंद्याच्या आकाराकडे पाहिले.

45 आणि 65 मध्ये फरक फक्त वीसचा वाटतो. पण डेसिबलचे गणित वेगळे आहे. दर 10 डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते, म्हणजे 20 डेसिबलला शंभरपट. शिवाय ही मर्यादा सरासरीची आहे. दोन विमानांमधली शांतता त्या सरासरीत मिसळते आणि कागदावरचा आकडा खाली येतो. झोप मात्र सरासरीने मोडत नाही, एका विमानाने मोडते. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शनात विमानांचा रात्रीचा आवाज 40 डेसिबलच्या खाली असावा असे सांगितले आहे.

आता दुसरी बाजू पाहा. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत ठरलेली वेळ संपली की पोलीस ध्वनिक्षेपक बंद करायला लावतात. 23 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे सांगत पोलिसांना कठोर कारवाईचे आदेश दिले. ते प्रकरण याच कुर्ला परिसरातील नेहरूनगर आणि चुनाभट्टीचे होते. या निकालाबद्दल आमची तक्रार नाही. धम्माला भोंग्याची गरज नाही, आणि जयंतीतल्या डीजेच्या भिंतींविषयी आपणच आधी बोलले पाहिजे. पण 45 डेसिबलचा नियम मिरवणुकीला आणि मशिदीला कडक आणि विमानतळाला सैल, हे कसे? 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोंगाटापासून मुक्त जगणे हा घटनेच्या कलम 21 खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. तो हक्क पत्र्याच्या घरातल्या माणसालाही आहे.

नुकसान कोणाचे?

आवाज पार्ल्यातल्या इमारतीतही जातो. पण तिथे दुहेरी काचा आणि एसी लावून खिडकी बंद करता येते. दहा बाय बाराच्या खोलीत खिडकी आणि दार बंद केले तर श्वास घेणे कठीण, आणि वरच्या पत्र्याला कोणती काच लावणार?

सर्वांत मोठे नुकसान शिकणाऱ्या मुलांचे आहे. हीथ्रो, स्किपोल आणि माद्रिद या विमानतळांजवळच्या शाळांतील 9 ते 10 वर्षांच्या 2,800 हून अधिक मुलांचा अभ्यास 2005 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. विमानांचा आवाज जितका जास्त, तितके वाचून समजण्याचे कौशल्य कमी, असे त्यात आढळले. म्युनिकमध्ये 1992 साली जुना विमानतळ बंद होऊन दुसरीकडे नवा सुरू झाला. पुढच्या काळात जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि स्मरण सुधारले, नव्याजवळच्या मुलांचे घसरले. बाबासाहेबांनी दिलेल्या मंत्रातला पहिला शब्द ‘शिका’ आहे. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी स्पर्धा परीक्षेला बसते, तिथे मोडलेली झोप आणि मध्येच तुटलेला तास हा सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे.

‘मग जा इथून’

आवाजाचा विषय काढला की उत्तर ठरलेले असते: विमानतळाच्या जागेवर राहता, तर सहन करा किंवा जा. विमानतळाच्या जमिनीवर सुमारे 80 हजार कुटुंबे राहतात असे सांगितले जाते. यात आपल्यासोबत मुस्लिम आहेत, उत्तर भारतीय आहेत. 1972 च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्या किती घरांना या शहराने दुसरी जागा दिली होती? याच वस्त्यांतील तरुण आज विमानतळावर सामान चढवतात, साफसफाई करतात. 2007 मध्ये पुनर्वसनाचे काम एका विकासकाला दिले गेले, 2013 मध्ये तो करार रद्द झाला. घर मिळाले नाही, आवाज मात्र वाढत राहिला. म्हणून सावध राहायला हवे. आवाजाविरुद्धची आपली तक्रार उद्या आपल्यालाच हटवण्याचे कारण म्हणून वापरली जाऊ शकते. शांतता आणि घर या दोन्ही मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत.

आता का बोलायचे?

8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि 25 डिसेंबरपासून उड्डाणे सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. त्यासाठी उलवे, तरघर, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी गावे उठली. वाघिवलीवाड्यातील केरूमाता लेणीसाठी आपले कार्यकर्ते लढले, हेही विसरू नये. शहराला दोन विमानतळ मिळाले, तेव्हा आवाजाची फेरवाटणी करण्याची संधी आहे. म्युनिकचा धडा समोर आहे. नियोजन केले नाही, तर कुर्ल्याचा आवाज कमी होणार नाही आणि पनवेलच्या आगरी-कोळी बांधवांच्या डोक्यावर नवा येईल.

हे अशक्य नाही. फ्रँकफर्टमध्ये 2011 पासून रात्री 11 ते पहाटे 5 नियोजित उड्डाणांना बंदी आहे. सिडनीत रात्री 11 ते सकाळी 6 निर्बंध आहेत. हीथ्रोवर धावपट्ट्यांचा वापर दुपारी 3 वाजता बदलतात, म्हणजे प्रत्येक बाजूच्या रहिवाशांना काही तास ठरलेला निवांतपणा मिळतो.

आमच्या मागण्या साध्या आहेत. दोन्ही विमानतळांवर रात्रीचे किमान काही तास शांततेचे ठरवावेत. उड्डाणमार्गाखालच्या महापालिका शाळांत आवाज मोजावा आणि आकडे मराठीतून फलकावर लावावेत. त्या शाळांना आणि पुनर्वसनाच्या इमारतींना आवाज रोखणाऱ्या, पण हवा येऊ देणाऱ्या खिडक्या द्याव्यात. तरुणांनी वाट पाहू नये. विहारात रात्रभराची वही ठेवा: किती वाजता विमान गेले, कोण जागे झाले, शाळेत तास किती वेळा थांबला. अशा नोंदींचा कागद हातात असला की निवेदन टाळणे अवघड जाते.

अंगुत्तर निकायातील कंटक सुत्तात एक प्रसंग आहे. वैशालीत लिच्छवींच्या रथांचा गोंगाट झाला, तेव्हा थेर भिक्खू ध्यानासाठी गोसिंग सालवनात निघून गेले. भगवंतांनी ते योग्यच मानले आणि पहिल्या ध्यानाला आवाज हा काटा आहे असे सांगितले. त्या भिक्खूंना जायला वन होते. जरीमरीच्या माणसाला जायला जागा नाही. म्हणून काटा आहे तिथूनच काढावा लागेल, आणि तो आपण सर्वांनी मिळून काढायचा आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.