शेवटच्या नळाचे पाणी

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी प्राशन केले. तळे बाटले म्हणून सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध व दही घातलेल्या १०८ घागरी मंत्रघोषात त्यात बुडविल्या. माणसाच्या स्पर्शाने पाणी नासते आणि जनावराच्या विष्ठेने ते शुद्ध होते, असे मानणाऱ्यांच्या हाती या देशातील पाण्याची परीक्षा शतकानुशतके होती! मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी आपला हक्क मान्य केला. पुढे घटनेच्या १५ व्या कलमाने सार्वजनिक विहिरी, तलाव व घाट सर्वांस खुले केले. पाण्यापर्यंत जाण्याचा मार्ग मोकळा झाला. परंतु घरात आलेले पाणी पिण्याजोगे आहे काय, या प्रश्नाचे उत्तर शिंदखेड्याच्या नागरिकास कोण देतो?

तापी तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहते, तरी पाण्याची वाट पाहणे येथील माणसाच्या नशिबी आहेच. नळाला रोज पाणी येत नाही, हे केवळ गैरसोयीचे नव्हे, रोगाचेही कारण आहे. पाणी बंद झाले की नळीतील दाब जातो, रिकाम्या नळीत शोष उत्पन्न होतो आणि गटारालगतच्या फुटक्या सांध्यांतून घाण आत ओढली जाते. पुढील पाळीस तीच घाण प्रथम हंड्यात पडते. म्हणून टाकीपाशी घेतलेला नमुना निर्दोष निघाला, एवढ्याने शेवटच्या नळाची हमी मिळत नाही. आणि शेवटचा नळ बहुधा कोणाच्या वस्तीत असतो, हे या पत्राच्या वाचकांस सांगावयास हवे काय?

टीसीएल पावडर टाकली म्हणजे कर्तव्य संपले, असे समजणाऱ्यांनी दिल्लीचे उदाहरण आठवावे. १९५५ च्या अखेरीस नजफगढ नाल्याचे मैलापाणी यमुनेत पाणी उपसण्याच्या जागी शिरले. क्लोरीन वाढविला, जंतू मेले, पण विषाणू मेला नाही. सुमारे २९,००० लोकांस कावीळ झाली. तो ई प्रकारचा विषाणू होता, हे पुढे उमगले. गर्भवती स्त्रियांस तो विशेष घातक असतो. देशाच्या राजधानीत हे घडले!

आणि आपण काय करतो? धम्मदीक्षा घेतलेल्या घरातील मुलास कावीळ झाली की त्याच्या गळ्यात माळ घालतो, ती उतरविणाऱ्याच्या दारी जातो. बावीस प्रतिज्ञा उच्चारणाऱ्या मुखांस हे शोभत नाही. भिक्खूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र, परिस्सावन, आहे. सूक्ष्म जीवांची हिंसा टळावी हा त्याचा हेतू. परंतु पाणी डोळसपणे पाहून घेण्याची शिस्तही त्यात आहे.

काही विष तर गाळून वा उकळूनही जात नाही. शेतातील खतांमुळे व मैल्यामुळे भूजलात उतरणारे नायट्रेट उकळल्याने उलट अधिक दाट होते. भारतीय मानकानुसार त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातील एक तृतीयांशाहून अधिक नमुने ती ओलांडतात. वरच्या दुधात असे पाणी गेले तर तान्ह्या बालकाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, बाळ निळे पडते. ज्याच्या खिशात पैसा आहे तो जार विकत घेतो आणि नळाविषयी बोलणे सोडतो. जारच्या पाण्याची तरी तपासणी कोणी पाहिली आहे? मजुराच्या घरी मात्र नळ हाच एक आधार.

आमची मागणी भीक नव्हे. स्वच्छ पाणी हा जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाषकुमार खटल्यात म्हटले आहे. नगरपंचायतीने प्रत्येक प्रभागाच्या तपासणीचा अहवाल मराठीत लिहून चौकात लावावा. शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही नसावा, नळाशी मोकळा क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, हे आकडे शाळकरी मुलासही वाचता येतात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये दहा रुपये भरून कोणाही नागरिकास हे अहवाल मागता येतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही पडत नाहीत, आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. येत्या पौर्णिमेस वंदनेसाठी विहारात जमणाऱ्या उपासक-उपासिकांनी तेथेच अर्ज लिहावा, व नमुना टाकीपाशी घेतला की वस्तीतील शेवटच्या नळाशी, हे त्यात प्रथम विचारावे.