९९ टक्के अचूक, पण कुठल्या पानांवर?

गेल्या आठवड्यात तालुक्याच्या एका कॉलेजात प्रोजेक्ट प्रदर्शन होतं. बातमीसाठी गेलो होतो. कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी टोमॅटोच्या पानाचा फोटो दिला की रोग सांगणारं अ‍ॅप केलं होतं. बोर्डावर मोठ्या अक्षरात, 'एआय आधारित, अचूकता ९९ टक्के'. प्रमुख पाहुण्यांनी पाठ थोपटली, आम्ही पत्रकारांनी फोटो काढले.

माझ्या चुलत भावाचा टोमॅटोचा प्लॉट आहे. त्यानं सकाळीच एका पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपला टाकला होता. पानावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा. शेतात वावरलेलं कुणीही सांगेल, ही नागअळी. मी सहज म्हटलं, "बघ रे, तुझं अ‍ॅप काय म्हणतंय?" क्षणात उत्तर आलं : करपा, खात्री ९७ टक्के.

पोरगं गोरंमोरं झालं. "सर, फोटो क्लिअर नसेल."

फोटो चांगला क्लिअर होता. मी विचारलं, "याला नागअळी शिकवलीय का?" त्यानं यादी उघडली. दहा नावं होती. नऊ रोग-किडी आणि दहावं 'निरोगी'. नागअळी त्यात नव्हतीच. म्हणजे मशीननं त्या दहा नावांतलंच एक उचलून दिलं. 'मला माहीत नाही' म्हणायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आणि ते ९७ टक्के? १०० टक्के त्या दहा नावांत वाटून टाकायचे, एवढंच मॉडेल करतं. करप्याच्या वाट्याला ९७ आले. निदान खरं असल्याची ती हमी नाही.

मित्रांनो, हसण्यावारी नेऊ नका. माझ्या भावानं ते खरं धरलं असतं तर बुरशीनाशक मारलं असतं. अळीला त्यानं काही होत नाही. औषधाचे पैसे गेले, मजुरी गेली आणि तेवढ्या दिवसांत अळी अख्ख्या प्लॉटभर. अ‍ॅप चुकलं म्हणून कॉलेज भरपाई देणार आहे का?

त्या पोराला दोष देत नाही. त्यानं पुस्तकात सांगितलं तसंच केलं होतं. ८० टक्के फोटो शिकवायला, २० टक्के तपासायला. पण दोन्ही एकाच ढिगातले, नेटवरून उतरवलेले. तो ढीग म्हणजे 'प्लँटव्हिलेज'. १४ पिकांच्या पानांचे ५४ हजारांवर फोटो. बहुतेक पान तोडून, साध्या एकरंगी पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले. आपल्या शेतातलं पान असं असतं का? धूळ, सावली, मागं तण, फवारणीचे डाग, हातात जुना मोबाईल.

यात नवीन काही नाही. २०१६ साली मोहंती, ह्यूज आणि सलाथे या संशोधकांनी याच फोटोंवर मॉडेल शिकवलं. त्याच ढिगातल्या बाजूला काढून ठेवलेल्या फोटोंवर अचूकता आली ९९.३५ टक्के. मग वेगळ्या परिस्थितीत काढलेले दुसरीकडचे फोटो दिले, तर ती ३१ टक्क्यांवर आली. हे त्यांनी स्वतःच आपल्या पेपरात लिहून ठेवलंय. आपल्याकडच्या बोर्डावर फक्त पहिला आकडा पोचतो.

दुसरी गोष्ट, 'अचूकता' हा शब्दच फसवा आहे. समजा १०० झाडांपैकी ५ रोगट आहेत. एखादं मशीन डोळे मिटून प्रत्येक झाडाला 'निरोगी' म्हणत सुटलं, तरी ते ९५ टक्के अचूक! आणि रोगट झाड सापडलं एकही नाही. म्हणून खऱ्या रोगट झाडांपैकी किती पकडली आणि रोगट म्हटलेल्यांपैकी किती खरंच रोगट निघाली, हे दोन आकडे वेगळे विचारावे लागतात. याला आठवीचं गणित पुरतं.

एआयचा पाया म्हणतात तो हाच. पण आपल्याकडे पोरांना काय येतं? १९५६ ला डार्टमथला परिषद झाली, जॉन मॅकार्थींनी नाव दिलं, व्याख्या लिहा, पाच मार्क. नाहीतर चॅटबॉटला प्रश्न कसा विचारायचा याचा दोन दिवसांचा क्लास, भरमसाट फी आणि रंगीत सर्टिफिकेट. मधला भाग, म्हणजे डेटा कुठून आला, कशावर तपासला, कुठे चुकतो, तो सगळाच गायब. शिकायची सोय नाही असंही नाही. एनपीटीईएलवर आयआयटी मद्रासचे कोर्स आहेत, दीपक खेमानी सरांचे आणि बलरामन रवींद्रन सरांचे. व्हिडिओ बघायला एक रुपया लागत नाही. इंग्रजी अवघड जातं, मान्य. मग गावातल्या प्राध्यापकांनी शेजारी बसून ते मराठीत समजावावं, एवढं तरी होईल ना?

कुणी म्हणेल, जर्नालिझमचा डिप्लोमावाला एआयवर काय बोलतो. बरोबर आहे. पण आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की बातमी देणाऱ्यालाच विचारून बातमी खरी ठरवायची नाही, दुसरीकडून खात्री करायची. इथंही तेच आहे. आणि खरं सांगतो, गेल्या वर्षी अशाच एका प्रोजेक्टची बातमी मी 'ग्रामीण विद्यार्थ्यांची भरारी' म्हणून छापली होती. एक प्रश्न विचारला नव्हता. ती चूक माझी.

उद्या पीक विमा, कर्ज, नोकरीचे अर्ज, सगळीकडे अशी मशीनं बसतील. तेव्हा 'कुठल्या डेटावर तपासलंय?' असं विचारणारी चार पोरं तालुक्यात असायला हवीत. ती याच वर्गातून येणार आहेत.

म्हणून कॉलेजांना एक विनंती. पुढच्या प्रदर्शनाआधी पोरांना आठवडाभर शेतात पाठवा. आपल्याच तालुक्यातली २०० पानं गोळा करा, कृषी खात्याच्या माणसांकडून खरं नाव लिहून घ्या आणि त्यावर मॉडेल तपासा. बोर्डावर लिहा, '२०० पैकी ८० चुकली आणि का चुकली ते हे'. लाजू नका. ती बातमी मी पहिल्या पानावर घेईन.

तुमची मुलं कॉम्प्युटर सायन्सला असतील तर आज रात्री जेवताना त्यांना एवढंच विचारा, "तुझा प्रोजेक्ट कशावर तपासलास?" काय उत्तर आलं ते कमेंटमध्ये सांगा.