विश्लेषण : चर्च एक झाले, मग जमीन कोणाची?

नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा प्रॉटेस्टंट पंथांनी आपापली जुनी नावे बाजूला ठेवून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ हे एक नाव घेतले. पुढे सगळे त्याला सीएनआय म्हणू लागले. त्या सहांपैकी एक होता ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’. याच पंथाच्या मिशनने डहाणूत चर्च आणि दवाखाना उभा केला. एकत्र आलेली ही मंडळी नंतर न्यायालयात समोरासमोर उभी राहिली आणि निकाल लागायला ४३ वर्षे गेली. डहाणू-तलासरी पट्ट्यात जमिनीचे भाव चढत असताना तो निकाल पुन्हा वाचायला हवा.

हे ब्रेदरन कोण?

या पंथाचा उगम जर्मनीतला. १७०८ मध्ये श्वार्झेनाऊ गावी काही जणांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेतला आणि नवी मंडळी स्थापन केली. छळामुळे ते पुढे अमेरिकेत गेले. तीन वेळा पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणे, युद्धात शस्त्र न धरणे आणि प्रभुभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुणे, ही त्यांची ओळख. या पंथाचे मिशनरी विल्बर स्टोव्हर यांनी १८९५ मध्ये बुलसारला, म्हणजे आजच्या वलसाडला, काम सुरू केले. तिथून रेल्वेच्या वाटेने ते दक्षिणेकडे सरकले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत डहाणूत त्यांचे केंद्र झाले. डॉ. बार्बरा निकी या अमेरिकी डॉक्टर इथल्या मिशन दवाखान्यात कित्येक दशके राबल्या.

त्या काळचा हा भाग आठवला की पाय धुण्याच्या विधीचे वजन कळते. वारली माणूस तेव्हा सावकाराच्या अंगणात हात जोडून उभा राहत असे. वेठ होती, लग्नाच्या कर्जापायी आयुष्यभर राबणारे लग्नगडी होते. ही व्यवस्था मोडायला १९४५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी झरीच्या परिषदेपासून गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा पेटला. वेठ मोडली ती लाल बावट्याने, मिशनने नव्हे; हे श्रेय ज्याचे त्यालाच द्यावे. पण वडीलधाऱ्याने खाली वाकून दुसऱ्याचे पाय धुवायचे, हे दृश्य त्या डहाणूत साधे नव्हते. बाळंतपण अडले की जाता येईल असे दार असणे, हेही साधे नव्हते.

विलीनीकरणाला हरकत कशाची?

हेतू चांगला होता, यात शंका नाही. लुथरन, अँग्लिकन, बाप्टिस्ट हे वाद युरोप-अमेरिकेतले. ते मिशनऱ्यांच्या सामानातून इथे आले आणि शेजारच्या दोन गावांतले ख्रिस्ती कारण ठाऊक नसताना वेगवेगळ्या रांगेत बसले. ही फाटाफूट मिटवावी असे भारतीय पाळकांना वाटले, ते योग्यच होते. मात्र गुजरातमधील ‘फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रेदरन’ या संस्थेने एकीकरणाचा ठराव केला तेव्हा काही सभासदांनी तो मानला नाही. आम्ही ब्रेदरन म्हणूनच राहणार आणि संस्थेची चर्चे, बंगले, जमिनी आमच्याच न्यासाच्या, असे त्यांचे म्हणणे. सीएनआयचे म्हणणे असे की बहुमताने जुनी संस्था नव्या मंडळीत विलीन झाली, त्यामुळे मालमत्ताही तिच्याबरोबर आली.

खटले दोन टप्प्यांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००५ मध्ये न्यायालयाने सांगितले की हा वाद दिवाणी न्यायालयाचा नाही. सार्वजनिक न्यासाच्या कायद्याखालील अधिकाऱ्यांनीच तो सोडवायचा. ३० सप्टेंबर २०१३ रोजी मूळ प्रश्नाचे उत्तर आले. केवळ ठराव करून सार्वजनिक न्यास दुसऱ्या संस्थेत विरत नाही, न्यासाची मालमत्ता न्यासातच राहते, आणि दोन न्यास एक करायचे तर कलम ५०अ खाली धर्मादाय आयुक्तांकडून योजना मंजूर करून घ्यावी लागते, असा त्याचा सार. सीएनआयच्या बाजूचे अपील फेटाळले गेले. दरम्यान अमेरिकेतल्या मूळ मंडळीला भारतातल्या दोन्ही गटांशी नाते ठेवण्याची वेळ आली होती.

निकाल बरोबर आहे का?

कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. आणि थोडा कठोरही. १९७०च्या ठरावामागे प्रार्थना होती, वर्षानुवर्षांची चर्चा होती. त्या सगळ्याचे मोल एका न केलेल्या अर्जापुढे शून्य ठरले. तरीही न्यायालयाने दुसरे काय करायचे होते? चर्चची जमीन त्या दिवशी सभेत बसलेल्यांच्या खासगी मालकीची नसते. ती आधीच्या पिढीने एका उद्देशासाठी ठेवलेली आणि पुढच्या पिढीला द्यायची असते. बहुमताने श्रद्धा बदलता येईल, नाव बदलता येईल. अल्पमतातल्या म्हातारीच्या बसायच्या बाकाचा मालक मात्र हात वर करून बदलता येऊ नये. आज बहुमत चांगल्या हेतूने जोडले गेले, उद्या बिल्डरच्या सांगण्यावरून जोडले जाईल. कायद्याला हेतू मोजता येत नाही, कागद मोजता येतो.

कॅथलिकांकडे ही अडचण वेगळ्या तऱ्हेने येते. डहाणू आणि तलासरी हे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतात येतात. तलासरीतले ज्ञानमाता सदन येशूसंघीयांच्या कामातून उभे राहिले. तिथे निर्णय वरून खाली, बिशप आणि संघप्रमुखांकडून येतो, त्यामुळे ‘कोणत्या गटाचे चर्च’ असा झगडा सहसा होत नाही. पण ‘आमचे मत कोणी विचारले?’ ही तक्रार तिथे होऊ शकते. ब्रेदरनसारख्या मंडळीत सगळ्यांचे मत विचारतात, म्हणूनच भांडणही सगळ्यांचे होते.

डहाणू-तलासरीकरांनी काय पाहावे?

वरचा खटला गुजरातच्या बाजूचा होता, डहाणूच्या आवाराचा नव्हे. पण १९५०चा सार्वजनिक न्यास कायदा मूळचा मुंबई राज्याचा, त्यामुळे दोन्हीकडे पाया एकच. सार्वजनिक न्यासाच्या व्याख्येत चर्चचा नावानिशी उल्लेख आहे. आणि परिस्थिती घाई करणारी आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. प्रकल्प सुमारे ७६ हजार कोटींचा. तलासरीतून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. तलासरी तालुक्यात दहापैकी नऊ माणसे आदिवासी, डहाणूत जवळपास सात. आदिवासींच्या खासगी जमिनीला निदान महसूल कायद्याचे कवच आहे. शाळा-दवाखान्यांसाठी राखलेल्या न्यासाच्या जमिनीला ते नाही. तिचे कवच म्हणजे धर्मादाय आयुक्तांचे कलम ३६. त्यानुसार मंजुरीशिवाय न्यासाची स्थावर मालमत्ता विकता, अदलाबदल करता किंवा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि बिनशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक काळासाठी भाड्याने देता येत नाही.

हे कवच फाटते ते बहुधा कटकारस्थानाने नव्हे, आळसाने. विश्वस्त वारतो, त्याच्या जागी दुसरा येतो, रविवारी टाळ्या वाजतात आणि कलम २२ खालचा बदल अहवाल ९० दिवसांत दाखल करायचा राहून जातो. पंधरा-वीस वर्षांनी धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत सगळीच नावे दिवंगतांची असतात. मग ज्याच्या हाती जुना कागद, तो स्वतःला चर्च म्हणवतो. पाळकांना हा व्याप नको असतो, आणि हिशेब विचारणाऱ्याला मंडळीत अविश्वासू म्हणायची खोड आपल्याकडे जुनी आहे. देवळांच्या ट्रस्टमध्येही चित्र फार वेगळे नाही.

चर्चला नियमित येणाऱ्याला काही अधिकार आहे का? आहे. न्यासाचा लाभार्थी कायद्याच्या भाषेत ‘हितसंबंधी व्यक्ती’ ठरतो आणि कलम ७३अ खाली चौकशीत पक्षकार होण्याची परवानगी मागू शकतो. त्याआधीचे काम याहून सोपे आहे. न्यासाचा नोंदणी क्रमांक शोधायचा, धर्मादाय कार्यालयात अर्ज करून परिशिष्ट एकची प्रमाणित प्रत घ्यायची आणि त्यातले गट क्रमांक सातबाऱ्याशी ताडून पाहायचे. मिशनच्या काळातल्या मंडळाचे इंग्रजी नाव सातबाऱ्यावर अजून असेल, तर आताच्या न्यासाचा त्या मंडळाशी दुवा दाखवणारा कागद कोणता, हा प्रश्न मंडळीच्या पुढच्या वार्षिक सभेत विचारायचा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्यायचा.