बारा गावचं पाणी

परवा आत्तेभावाच्या मुलाची मुंज होती. जेवणं झाल्यावर हॉलच्या कोपऱ्यात खुर्च्या ओढून आमचा नेहमीचा अड्डा जमला. विषय फुटबॉलवर कसा गेला ते आता आठवत नाही, पण मी आपलं सहज म्हणून गेलो की माझा सगळ्यात आवडता खेळाडू झ्लाटन इब्राहिमोविच. झालं! कॉलेजात जाणारा एक भाचा फिसकन हसला. "मामा, तो भाडोत्री? पैसे दिसले की जर्सी बदलायचा!"

इथपर्यंत ठीक होतं. पण शेजारी पान लावत बसलेल्या मोठ्या काकांनी मान वर न करता म्हटलं, "मग आवडणारच याला. हाही बारा गावचं पाणी प्यायलेला. काय रे, सध्याची कितवी कंपनी? पाचवी की सहावी?"

सगळे हसले. मीही हसलो. (सहावी आहे, काका.) घरी येईपर्यंत मात्र डोकं तापलेलं होतं आणि तिथे जे बोलायला सुचलं नाही ते सगळं आता सुचतंय. म्हणून ही पोस्ट. ज्यांना फुटबॉलमध्ये रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण हा वाद फुटबॉलपुरता नाहीच.

आधी गावं मोजू. बारा नाहीत, क्लब नऊ आणि शहरं आठ. माल्मो, आयाक्स, युव्हेंटस, इंटर, बार्सिलोना, एसी मिलान, पॅरिस सां जर्मां, मँचेस्टर युनायटेड, लॉस एंजेलिस गॅलेक्सी आणि मग पुन्हा एसी मिलान. म्हणजे नऊ वेळा घर बदललं. भाडोत्री म्हणणारा माणूस हा नऊचा आकडा तोंडावर फेकतो आणि वाद संपला असं समजतो. मी म्हणतो, आकडा सोडा, एकेक घर का सुटलं ते बघू या.

माल्मोपासून सुरुवात. झ्लाटन तिथल्या रोसेनगार्ड भागात वाढला. वडील बोस्नियाचे, आई क्रोएट. परदेशातून आलेल्यांची ती वस्ती. स्वीडनमधला हा मातब्बर क्लब १९९९ मध्ये वरच्या विभागातून खाली घसरला. २००० मध्ये झ्लाटननं खालच्या विभागात १२ गोल केले, क्लब परत वर आला. २००१ मध्ये माल्मोनं त्याला आयाक्सला विकलं, सुमारे साडेआठ कोटी क्रोनरना. स्वीडनमध्ये तोवर कुठल्याच खेळाडूला एवढी किंमत आली नव्हती. पोराला जायचं होतं, क्लबला पैसा हवा होता. दोघेही खूष. इथे बेइमानी कोणी केली?

आयाक्समध्ये दोन विजेतेपदं मिळवल्यावर २००४ च्या ऑगस्टमध्ये तो युव्हेंटसला गेला. कप्तान व्हान डर व्हार्टशी जाहीर भांडण झालं होतं आणि त्याला जायचंच होतं. हे एक त्याच्या खात्यावर लिहा. २००६ मध्ये युव्हेंटस सोडून इंटर, तेही त्याच्याच खात्यावर. त्याबद्दल पुढे बोलतो. २००९ मध्ये इंटरमधून बार्सिलोना, तेही त्याच्याच इच्छेनं. झाले तीन.

बार्सिलोनात एका मोसमात सगळे मिळून २१ गोल केले, पण प्रशिक्षक ग्वार्दिओलाशी बोलणंच बंद झालं. २०१० मध्ये क्लबनं त्याला एसी मिलानला उसना दिला आणि मग विकून टाकला. २०१२ मध्ये मिलानची तिजोरी रिकामी झाली तेव्हा क्लबनं त्याला आणि थियागो सिल्वाला एकाच उन्हाळ्यात पॅरिसला विकलं. त्याला मिलान सोडायचं नव्हतं, हे त्यानं पुढे वारंवार सांगितलं आहे. म्हणजे ही दोन घरं मालकानं रिकामी करायला लावली. पॅरिसचा करार २०१६ मध्ये संपला, तो गेला. मँचेस्टरचा करार २०१८ मध्ये दोघांच्या संमतीनं संपला. गॅलेक्सीचा २०१९ मध्ये संपला.

आता बेरीज करा. नऊपैकी तीन वेळा तो स्वतःच्या मर्जीनं गेला, दोन वेळा क्लबनं काढलं, एकदा दोघांनाही हवं होतं आणि तीन वेळा करार संपला किंवा संपवला गेला. आणि शिवी कोणाला? एकट्याला!

माझा राग नेमका इथे आहे. निष्ठा हा शब्द आपण फक्त सोडून जाणाऱ्यावर वापरतो. काढून टाकणाऱ्याला, विकणाऱ्याला तो कधी लागतच नाही. त्यांच्यासाठी वेगळे शब्द आहेत. 'व्यवहार', 'धोरण', 'संघाची पुनर्बांधणी'. माणूस गेला की गद्दार, संस्थेनं घालवला की धोरण!

बार्सिलोनाचंच उदाहरण घ्या. २००९ च्या मे महिन्यात रोममध्ये चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत झाली. मँचेस्टर युनायटेडविरुद्ध पहिला गोल केला सॅम्युएल एटोनं. त्या मोसमात स्पॅनिश लीगमध्ये त्याचे ३० गोल होते. दोन महिन्यांनी झ्लाटनला विकत घेताना बार्सिलोनानं इंटरला साडेचार कोटी युरोंहून जास्त रोख मोजली आणि वर एटो देऊन टाकला. जुना फ्रिज देऊन नवा आणावा तसा. झ्लाटन गेला म्हणून भाडोत्री. मग एटोला असं तराजूत टाकणाऱ्या क्लबला काय म्हणायचं? (पुढच्याच वर्षी इंटरनं बार्सिलोनाला उपांत्य फेरीत हरवून तोच करंडक जिंकला, एटोसकट. आणि झ्लाटनला तो करंडक शेवटपर्यंत मिळाला नाही. नियतीलाही विनोदबुद्धी असते.)

पूर्वी तर याहून वाईट होतं. बेल्जियममधल्या लिएजच्या क्लबकडून खेळणाऱ्या जाँ-मार्क बोसमनचा करार १९९० मध्ये संपला. नव्या करारात क्लबनं पगार फारच कमी देऊ केला. बरं, मग फ्रान्समधल्या डंकर्कला जातो म्हणाला, तर तेही नाही, कारण करार संपला तरी पैसे घेतल्याशिवाय खेळाडू न सोडण्याचा हक्क क्लबला होता. म्हणजे धड ठेवायचं नाही आणि सोडायचंही नाही! हा गडी पाच वर्षं कोर्टात भांडला. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयानं निकाल दिला की करार संपल्यावर खेळाडू मोकळा. त्याची स्वतःची कारकीर्द त्यात संपली, पुढे हलाखीचे दिवस आले. आज आपण ज्याला 'हल्लीच्या खेळाडूंची पैशाची हाव' म्हणतो, त्या मोकळीकीची किंमत एका माणसानं अशी मोजली आहे. ज्या काळात 'खेळाडू निष्ठावान असायचे' असं आपण उसासे टाकत सांगतो, त्या काळात बऱ्याच जणांना दुसरा रस्ताच नव्हता. दाराला बाहेरून कडी असली की आतल्या माणसाला घरकोंबडा म्हणू नये.

आता अवघड प्रश्न. युव्हेंटस.

२००६ मध्ये इटलीत रेफ्रींच्या नेमणुकांचं प्रकरण बाहेर आलं. युव्हेंटसची दोन विजेतेपदं गेली आणि क्लबला दुसऱ्या विभागात ढकललं. बुफॉन थांबला, देल पिएरो थांबला, नेदव्हेद, त्रेझेगे, कामोरानेझी थांबले. झ्लाटन इंटरला गेला. इंटर, म्हणजे युव्हेंटसचा जुना वैरी! माझा भाचा हेच उगाळत होता.

जे थांबले त्यांना माझा सलाम, मनापासून. पण थांबणं ही देणगी असते, कर्ज नव्हे. देणगी दिली तर आभार मानावेत, दिली नाही म्हणून वसुलीला जाऊ नये. भानगडी क्लबच्या अधिकाऱ्यांनी केल्या होत्या. त्यांच्या पापाचं प्रायश्चित्त ऐन चोविशीतल्या खेळाडूनं खालच्या विभागात खेळून का घ्यायचं? आणि गेला तो काय एकटाच? कानावारो आणि इमर्सन रिआल माद्रिदला गेले, थुराम आणि झांब्रोता बार्सिलोनाला, व्हिएरा तर इंटरलाच. यातल्या कितीजणांना तुम्ही भाडोत्री म्हणता? कानावारोला तर त्याच वर्षी सगळ्यांनी डोक्यावर घेतलं होतं, विश्वविजेता कप्तान म्हणून.

दुसऱ्या बाजूला लोक हेन्रिक लार्सनचं नाव काढतात. तोही स्वीडिश, तोही माझ्या लाडका. सेल्टिककडे सात वर्षं, २४२ गोल. २००७ मध्ये हेलसिंगबोर्गहून काही आठवडे मँचेस्टर युनायटेडकडे उसना गेला होता. तिथे आणखी ठेवून घ्यायला तयार होते, तरी शब्द दिला होता म्हणून ठरल्या दिवशी परतला. याला म्हणतात निष्ठा, असं सांगतात. कबूल! पण नीट बघा, त्यानं पाळला तो शब्द, क्लब नव्हे. सेल्टिकचा करार संपल्यावर तोही बार्सिलोनाला गेलाच की. त्याआधी फायनोर्ड सोडताना करारातल्या कलमावरून भांडलाही होता. लार्सनही चार देश फिरला. निष्ठावान माणूस एकाच जागी बसलेला असतो हे आपणच ठरवून टाकलंय.

माझ्या मते निष्ठा मोजायची ती असताना काय दिलं यावरून. २००३-०४ ते २०१०-११ अशी सलग आठ वर्षं झ्लाटन ज्या संघात होता तो संघ लीगमध्ये पहिला आला (युव्हेंटसची ती दोन पुढे काढून घेतली, ते मान्य). पॅरिसमध्ये चार वर्षांत १८० सामन्यांत १५६ गोल आणि चारही वर्षं विजेतेपद. आणि शेवटचं मिलान बघा. २०२० च्या जानेवारीत परत आला तेव्हा क्लबची पार रया गेली होती. २०२२ मध्ये मिलाननं अकरा वर्षांनी इटालियन लीग जिंकली तेव्हा हा चाळिशीचा होता. नंतर त्यानंच सांगितलं की अखेरचे सहा महिने डाव्या गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध नसतानाच तो खेळत होता. भाडोत्री माणूस असं करतो? भाड्याचा असता तर आजारपणाची रजा टाकून घरी बसला असता.

तो संत नाही. उद्धट आहे, स्वतःबद्दल तिसऱ्या पुरुषी बोलतो, भांडणंही बरीचशी त्यानंच ओढवून घेतली. पण उद्धटपणा आणि बेइमानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण सोयीनं त्यांची भेळ करतो.

एक गोष्ट मात्र मला खरोखर लागली. ८ ऑक्टोबर २०१९ ला माल्मोच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभारला. ब्राँझचा, पावणेतीन मीटर उंच. पुढच्याच महिन्यात बातमी आली की त्यानं स्टॉकहोमच्या हामर्बी क्लबचा जवळपास चौथा हिस्सा विकत घेतला. माल्मोवाले भडकले. त्यांचं दुखणं मला कळतं. आपल्या अंगणातल्या पोरानं शेजारच्या दुकानात भागीदारी करावी, वाईट वाटणारच. निषेध करा, घोषणा द्या. पण त्यांनी पुतळा जाळायचा प्रयत्न केला, हातात संडासाची सीट अडकवली, नाक कापलं. त्याच्या स्टॉकहोमच्या घराच्या दारावर 'जुडास' लिहिलं. २०२० च्या जानेवारीत घोट्यातून करवतीनं कापून पुतळा आडवा केला.

आता याच शहरातली एक जुनी गोष्ट. झ्लाटननं आत्मचरित्रात लिहिलंय की तो माल्मोच्या मुलांच्या संघात असताना बरोबरच्या एका मुलाच्या पालकानं इतर पालकांच्या सह्या गोळा केल्या होत्या. मागणी काय, तर या पोराला संघातून काढा. पुतळा कापणारे आणि सह्या गोळा करणारे एकच नव्हेत, मला ठाऊक आहे. पण ज्या पोराला 'तू आमचा नाहीस' हे लहानपणीच ऐकवलं गेलं, तो मोठा झाल्यावर 'तू आमचाच राहायला हवा होतास' म्हणून त्याचे पाय कापायचे, ही कुठली रीत? आपला म्हणायचं असेल तर आधी म्हणावं. भाव साडेआठ कोटी झाल्यावर नव्हे.

असो. पोस्ट लांबली.

काका, तुम्ही माझा ब्लॉग वाचता हे मला माहीत आहे (काकू सांगते). म्हणून शेवटचं तुमच्यासाठी. तुम्ही एकाच कंपनीत एकतीस वर्षं काढलीत. साखरपुड्याच्या दिवशीसुद्धा सकाळची पाळी करून आला होतात, हे आजी कौतुकानं सांगायची. आणि मग एका शुक्रवारी तुमच्यासकट सगळ्या विभागाच्या हातात व्हीआरएसचे कागद ठेवले. सही करायला सोमवारपर्यंत मुदत. तुम्ही घरी येऊन कोणाशी बोलला नाहीत. मी तेव्हा दहावीत होतो, मागच्या खोलीत अभ्यास करत होतो आणि तुम्ही गॅलरीत दिवा न लावता बसला होतात, ते मला अजून दिसतं.

त्या दिवशी आपल्या घरात कंपनीला कोणी गद्दार म्हटलं नाही. "त्यांचा तरी काय इलाज" असं तुम्हीच म्हणालात. मी सहा कंपन्या बदलल्या त्याचं मूळ त्या गॅलरीत आहे, काका. तुमची निष्ठा खोटी होती असं मी म्हणत नाही. ती घेणाऱ्याची लायकी नव्हती, एवढंच म्हणतो.

पुढच्या मुंजीत पुन्हा टोमणा मारा, माझी हरकत नाही. फक्त त्या कंपनीलाही एक मारा.