अक्षरांची शोधाशोध : एन्नोरमध्ये दडलंय काय?

वाचताय मोबाईलवर, पण एक कागद आणि पेन जवळ घ्या. घरात जे कुणी रिकामे असतील त्यांनाही हाक मारा.

आज आपण चेन्नईच्या उत्तर टोकाला जायचंय, एन्नोरला. समुद्र, खाडी, मच्छीमारांच्या वस्त्या, वीजकेंद्रं आणि एक मोठं बंदर असा हा भाग. त्याचं इंग्रजी स्पेलिंग आहे ई-एन-एन-ओ-आर-ई. एवढ्या सहा अक्षरांतून किती इंग्रजी शब्द निघतात, ते शोधायचं.

नियम सोपे आहेत. ई आणि एन दोनदा वापरता येतील, ओ आणि आर एकदाच. विशेषनाम चालणार नाही. आणि ज्याचा अर्थ सांगता येत नाही, त्या शब्दाला गुण नाही!

अडलात तर असं करा

१. आधी छोट्या जोड्या लावा. ओ-एन म्हणजे ऑन, उलटं केलं की नो. ओ-आर म्हणजे ऑर.

२. मग त्या जोडीच्या शेवटी ई ठेवून बघा. ऑनचा झाला वन, म्हणजे एक. ऑरचा झाला ओर, म्हणजे ज्यातून लोखंडासारखा धातू काढतात तो दगड. इंग्रजीत सगळ्यात जास्त लागणारं अक्षर ई आहे. म्हणून तर स्क्रॅबलच्या इंग्रजी संचात ई १२ वेळा असतो आणि क्यू एकदाच.

३. आता पुढे एक अक्षर जोडा. ओ-एन-ईच्या आधी एन लावला की एन-ओ-एन-ई, म्हणजे एकही नाही. एका अक्षराने ‘एक’चा शून्य झाला!

आम्हाला सापडलेले काही शब्द

आर-ओ-ई : याचा उच्चार रो. अर्थ माशाची अंडी, म्हणजेच आपली गाभोळी. इथे आजीला विचारा. तिला स्पेलिंग येत नसेल, पण गाभोळी कशी तळायची हे तिच्याइतकं कुणाला माहीत? अर्थाचा गुण तिचाच. एन्नोरच्या मच्छीमारांसाठी मात्र हा नुसता शब्द नाही. डिसेंबर २०२३मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुराबरोबर तेल इथल्या खाडीत पसरलं आणि त्यांच्या होड्या, जाळी काळी झाली. जिथे मासाच टिकत नाही, तिथे गाभोळी कुठून येणार?

एन-ई-एन-ई : नेने! आडनाव नव्हे हो. नेने हा हवाई बेटांवरचा एक हंसासारखा पक्षी आहे, हवाईचा राज्यपक्षी. नेने आडनावाचे कुणी ओळखीचे असतील तर त्यांना आजच कळवा.

ई-एन-आर-ओ-एन : हा आई-बाबांसाठी. एन्रॉन! दाभोळचा वीजप्रकल्प आठवला ना? पण विशेषनाम, म्हणून बाद.

आता उलटा खेळ

इथे अक्षरं हलवायची नाहीत. मोठ्या शब्दात ओळीने बसलेले छोटे शब्द शोधायचे. एन्नोरच्या किनाऱ्याला शोभेल असा शब्द घेऊ : कॅटमरान. स्पेलिंग सी-ए-टी-ए-एम-ए-आर-ए-एन. चार वेळा ए, आणि दुसरा एकही स्वर नाही. सुरुवातीला सी-ए-टी म्हणजे मांजर, शेवटी आर-ए-एन म्हणजे धावली. मांजर लक्षात राहिली की स्पेलिंगची सुरुवात चुकत नाही.

हा शब्द मूळचा तमिळ आहे. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड किंवा झाड. ओंडके दोरीने एकत्र बांधून केलेली होडी ती कट्टुमरम. सतराव्या शतकात इंग्रजांनी तो शब्द उचलला. आज जगभर कॅटमरान म्हटलं की दोन सांगाडे जोडलेली झकपक बोट डोळ्यांसमोर येते. तमिळ किनाऱ्यावर मात्र ओंडक्यांची जागा बहुतेक ठिकाणी फायबरच्या होड्यांनी घेतली आहे. नाव जगभर फिरलं आणि मूळ होडी मागे पडली.

आपल्या मराठीनेही इंग्रजीला असाच एक शब्द दिलाय : मुंगूस. इंग्रजीत तो एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई, म्हणजे मंगूस. त्याची शेवटची पाच अक्षरं वाचा. गूस, म्हणजे हंसासारखा पक्षी! गूसचं अनेकवचन गीस होतं, पण मंगूसचं मंगीस होत नाही. कारण पक्ष्याचा इथे संबंधच नाही, शब्द आपल्या मुंगसावरून आलाय. परीक्षेत हे उपयोगी पडेल.

आणि गंमत बघा. १८८३मध्ये हवाईतल्या उसाच्या मळ्यांत उंदीर मारायला मुंगूस नेले गेले. त्यांनी उंदरांबरोबर नेनेची अंडी आणि पिल्लंही फस्त केली. शिकारही झाली होतीच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जेमतेम तीसेक नेने उरले होते. मग त्यांची जपणूक करून संख्या पुन्हा वाढवावी लागली. म्हणजे स्पेलिंगमध्ये मुंगसाच्या पोटात गूस आहे, आणि हवाईत खरोखरच तसं घडलं!

दिलेल्या अक्षरांचे शब्द शोधून देणारी ॲप्स आता भरपूर आहेत. सहा अक्षरं टाकली की क्षणात यादी समोर येते. पण ती यादी उद्या आठवत नाही. आजीने सांगितलेली गाभोळी आणि मुंगसाने पळवलेली अंडी आठवतात. घरात कुणी ‘मला इंग्रजी येत नाही’ म्हणून बाजूला बसत असेल, तर त्यांना अर्थाचे गुण द्या. बघा, किती जण खेळायला पुढे सरकतात.

पुढच्या वेळेपर्यंत

तुमच्या गावाचं इंग्रजी स्पेलिंग लिहा आणि त्यातून किमान पाच शब्द काढा.

आणि हे एक कोडं : इंग्रजीत क्यूच्या मागे सहसा यू असतोच. पण पाच अक्षरांच्या एका शब्दात क्यू आहे आणि यू नाही. शेवटचं अक्षर आर. मराठीतही हा शब्द आपण रोज वापरतो. तो दारावर येतो आणि दुवा देऊन जातो. ओळखा पाहू!