स्वस्त गाव, लांबचा दवाखाना

न्यू जर्सीतल्या मराठी घरात जेवणं उरकली, ताटं सिंकमध्ये गेली की बोलणं फिरून फिरून तीन गोष्टींवर येतं. ग्रीन कार्डाची रांग, कंपनीतली कपात आणि प्रॉपर्टी टॅक्स. पहिल्या दोन्ही आपल्या हातातल्या नाहीत. तिसरीतून सुटायला एक वाट आहे, असं अलीकडे बरेच जण म्हणू लागले आहेत. काम लॅपटॉपवरच करायचं ना, मग उठा आणि एखाद्या स्वस्त, आडगावच्या काउंटीत जाऊन राहा!

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने हे खरंच केलं. एडिसनचं टाउनहाऊस विकलं आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीनब्रायर काउंटीत, लुइसबर्गपासून थोड्या अंतरावर घर घेतलं. त्याला आता तीन वर्षं होतील. मी तिथे दोनदा मुक्काम करून आलो. त्यामुळे पुढचं सगळं ऐकीव नाही, पण माझं मतही अगदी निर्विकार आहे असं समजू नका.

आधी पैशाचं बोलू, कारण सुरुवात तिथूनच होते. न्यू जर्सीत घरमालकाचं प्रॉपर्टी टॅक्सचं सरासरी वार्षिक बिल आता दहा हजार डॉलरच्या घरात पोचलं आहे, देशात सर्वांत जास्त. वेस्ट व्हर्जिनियात बाजारभावाच्या ६० टक्केच किंमत करासाठी धरतात, आणि मालक स्वतः राहत असेल तर दरही सवलतीचा. मित्राच्या घराचं वर्षाचं बिल दोन हजारांच्या आत येतं. समजा इकडे साडेसहा लाखांचं घर घेतलं, तिकडे दोन लाख चाळीस हजारांचं. दोन्हीकडे वीस टक्के रोख भरले आणि व्याज पावणेसात टक्के धरलं, तर तीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता इकडे सुमारे ३,३७० डॉलर, तिकडे १,२४५. कराचा फरक त्यात मिळवा. महिन्याला तीन हजार डॉलर उरतात. वर्षाचे छत्तीस हजार! या आकड्यापुढे कोणाचंही मन डळमळेल.

त्यात राज्य सरकार बोलावतंय. २०२१ मध्ये ‘असेंड वेस्ट व्हर्जिनिया’ नावाची योजना सुरू झाली. इंट्युइट कंपनीचे माजी प्रमुख ब्रॅड स्मिथ मूळचे याच राज्यातले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने दिलेल्या अडीच कोटी डॉलरच्या देणगीतून ती उभी राहिली. बाहेरच्या राज्यातून येऊन दूरस्थ काम करणाऱ्याला दोन वर्षांत मिळून बारा हजार डॉलर मिळतात. पहिल्या तीन ठिकाणांत ग्रीनब्रायरचं खोरं होतं. यामागची निकड समजण्यासारखी आहे. २०१० ते २०२० या काळात या राज्याची लोकसंख्या घटली आणि संसदेतल्या तीन जागांपैकी एक गेली. कोळसा संपत आला, तरुण पोरं बाहेर पडली. मी मूळचा रत्नागिरीकडचा. २०११ च्या जनगणनेत आमचा जिल्हा आणि शेजारचा सिंधुदुर्ग, दोन्हींची लोकसंख्या आधीपेक्षा कमी भरली होती. बंद घरं, ओटीवर बसलेले म्हातारे, आणि सुट्टीत तेवढी उघडणारी दारं मी लहानपणापासून पाहिली आहेत. लुइसबर्गहून रेनेलकडे जाताना रस्त्याकडेची घरं पाहिली तेव्हा कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

काउंटी देखणी आहे, यात वाद नाही. चार मुंबया मावतील एवढ्या जागेत तेहतीस हजार माणसं राहतात. जुन्या रेल्वेमार्गावर नदीकाठाने केलेली ७८ मैलांची पायवाट आहे, ऑगस्टात राज्याची जत्रा भरते, आणि एवढ्याशा लुइसबर्गात डॉक्टरकीचं कॉलेज आहे. व्हाइट सल्फर स्प्रिंग्जच्या आलिशान हॉटेलखाली अणुयुद्ध झालंच तर अमेरिकी संसदेने लपायचं म्हणून तळघर बांधलं होतं. १९९२ मध्ये ते वर्तमानपत्रात येईपर्यंत जगाला पत्ता नव्हता. जागा किती आडबाजूला असेल, ते यावरून ओळखा.

आता घर का स्वस्त आहे, हा प्रश्न. आपली मंडळी फोटो बघतात, एकरांचा आकडा बघतात आणि हुरळतात. ओढ्याकाठचं घर विशेष स्वस्त असतं. जून २०१६ मध्ये याच काउंटीत पूर आला. राज्यात तेवीस माणसं गेली, त्यातली बरीच इथली होती. आणि घराच्या नेहमीच्या विम्यात पूर बसत नाही, त्याचा विमा वेगळा काढावा लागतो. लुइसबर्गच्या आसपासची जमीन चुनखडीची. खाली गुहा आणि वर अचानक खचणारे खड्डे. गावाबाहेर नळाचं पाणी असेलच असं नाही. विहीर आणि सेप्टिक टँक आपला आपण सांभाळायचा. डोंगरांमुळे इंटरनेटचाही भरवसा नाही. उत्तरेकडच्या पोकाहाँटस काउंटीत ग्रीन बँकची मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यासाठी १९५८ पासून तेरा हजार चौरस मैलांत रेडिओ लहरींवर निर्बंध आहेत. ज्याची रोजीरोटी व्हिडिओ कॉलवर चालते, त्याने घराआधी वायर बघावी. मित्राने पहिलं पसंत पडलेलं घर याच कारणाने सोडलं.

आणि व्हिसा! एच-१बीवर असलेल्या माणसाने ‘कुठूनही काम करा’ या शब्दांवर विसंबू नये. रोजच्या ये-जा करण्याच्या अंतराबाहेर कामाचं ठिकाण बदललं, तर कंपनीला आधी सुधारित अर्ज भरावा लागतो. २०१५ च्या निर्णयानंतर यात संदिग्धता राहिलेली नाही, आणि स्वतःच्या घरातलं टेबल हेही कामाचं ठिकाणच. ग्रीन कार्डाच्या अर्जातही नोकरीची जागा लिहिलेली असते. म्हणजे एचआरशी आणि वकिलाशी बोलल्याशिवाय सामान बांधायचं नाही. शिवाय कंपन्यांची मर्जी. २०२०-२१ मध्ये ‘घरूनच करा’ म्हणणाऱ्यांनी पुढे माणसं परत बोलावली. अ‍ॅमेझॉनने जानेवारी २०२५ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस सक्तीचं केलं. न्यू जर्सीत एक नोकरी गेली तर तासाभराच्या अंतरावर दुसरी शोधता येते. ग्रीनब्रायरमध्ये हॉटेल, हॉस्पिटल, शाळा आणि सरकारी कचेऱ्या सोडल्या तर पांढरपेशा माणसाला फारसं दार नाही.

इथे माझा एक आक्षेप आहे. ‘स्वस्त काउंटी’ हे शब्द आपण फार सहज वापरतो. स्वस्त कोणाला? बाहेरचा पगार घेऊन येणाऱ्याला. जो तिथेच कमावतो त्याला ती स्वस्त नाही. २०१८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या पंचावन्नच्या पंचावन्न काउंट्यांतले शिक्षक संपावर गेले होते, कारण पगार अपुरा आणि आरोग्य विम्याचा खर्च वाढता. त्या शिक्षिकेसाठी दोन लाख चाळीस हजारांचं घर हे न्यू जर्सीतल्या घराइतकंच अवघड आहे. आपण येऊन मागितली ती किंमत देतो, वर ‘किती स्वस्त!’ म्हणतो. कोकणात मुंबई-पुण्याचे लोक ‘सेकंड होम’ घ्यायला येतात तेव्हा गावच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसतं, तेच मला तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात दिसलं. राग नाही, हिशेब. मित्राने मात्र हे ओळखलं. तो गावच्या शाळेत दर गुरुवारी मुलांना गणित शिकवायला जातो आणि ज्या गवंड्याकडून भिंत बांधून घेतली त्याच्याशी घासाघीस केली नाही. पहिल्या हिमवर्षावात शेजारच्या शेतकऱ्याने न सांगता ट्रॅक्टरने त्यांचा ड्राइव्ह-वे साफ करून दिला होता. एडिसनला भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्याचं नाव त्याला सहा वर्षांत माहीत झालं नव्हतं, हेही सांगायला हवं.

आपल्याकडच्यांना अशी खेडी नवी नाहीत. १९६५ च्या कायद्यानंतर आलेले कितीतरी भारतीय डॉक्टर अ‍ॅपलेशियाच्या खाणगावांत गेले, कारण तिथे जायला दुसरं कोणी तयार नव्हतं. १९९४ पासून कॉनराड कार्यक्रमाखाली प्रत्येक राज्याला वर्षाला ठराविक जागा मिळतात, सध्या तीस. जे-१ व्हिसावरच्या डॉक्टरने डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं की मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट. या डॉक्टर मंडळींनी गणपती, दिवाळी, मुलांच्या मुंजी सगळं तिथे केलं. पण त्यांना गावाने हातावर झेललं, कारण गावाला त्यांची गरज होती. आयटीवाल्याची गरज गावाला काय? हा प्रश्न जरा बोचतो, पण निघण्याआधी स्वतःला विचारलेला बरा.

दवाखान्याचं आता सांगतो. गेल्या वर्षी मित्राचे आईवडील सहा महिन्यांसाठी आले. अप्पांना तिथे फार करमलं. सकाळी गायी बघायला जायचे, शेजाऱ्याशी मोडक्या इंग्रजीत गवताच्या भावावर बोलायचे. एका संध्याकाळी छातीत दुखू लागलं. काउंटीत हॉस्पिटल आहे, तिथल्यांनी तत्परतेने तपासलं आणि मोठ्या ठिकाणी हलवा म्हणून सांगितलं. मोठं ठिकाण म्हणजे पश्चिमेला चार्ल्सटन, पावणेदोन-दोन तास, नाहीतर डोंगर ओलांडून व्हर्जिनियातलं रोआनोक, दीड तास. हेलिकॉप्टरचा विषय निघाला. त्या क्षणी मुलाच्या डोक्यात वडिलांच्या जोडीला बिलही होतं, हे त्याने नंतर मला मान खाली घालून सांगितलं. अवाच्या सवा बिलांपासून संरक्षण देणारा कायदा २०२२ पासून लागू आहे आणि त्यात हवाई रुग्णवाहिकाही येते. पण ते संरक्षण इथल्या नियमित आरोग्य विम्याला. पाहुण्या आईवडिलांसाठी आपण जो प्रवासी विमा काढतो, तो त्यात धरत नाहीत. शेवटी साध्या रुग्णवाहिकेने नेलं, निभावलं. अप्पा बरे आहेत. मात्र परत येण्याचा विषय निघाला की आई गप्प होतात.

खर्चाच्या कोणत्याही निर्देशांकात हे अंतर मोजलेलं नसतं. मुलांच्या शाळेचंही तसंच. काउंटीत दोन सरकारी हायस्कुलं, शिक्षक जीव लावणारे, वर्ग लहान. पण वरच्या गणिताचे, विज्ञानाचे, भाषांचे पर्याय एडिसनसारखे कसे असतील? उलट राज्यातच कॉलेज करायचं ठरवलं तर ‘प्रॉमिस’ नावाची गुणवत्तेवरची शिष्यवृत्ती आहे, तिने बराच भार हलका होतो. कढीपत्ता, मराठी शाळा, नाट्यप्रयोग यांचं रडगाणं मी गाणार नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा गाडी काढता येते.

वहिनींच्या बाबतीत मात्र ते सोपं नाही. मित्र दिवसभर हेडफोन लावून न्यू जर्सीतल्याच माणसांशी बोलत असतो. म्हणजे तो खरं तर अर्धा अजून इथेच आहे. वहिनी इथे फार्मसीत होत्या, तिकडे त्यांना पंचवीस मैलांवर आठवड्यातून तीन दिवसांचं काम मिळालं. थंडीत चार महिने त्या घाटातून गाडी चालवतात. दोन गाड्या लागतातच, आणि त्यांच्यावर काउंटी दरवर्षी कर घेते, आता तो राज्याच्या आयकरात वळता करून मिळतो म्हणा. पहिल्या भेटीत मी उत्साहाने छत्तीस हजारांचा हिशेब मांडला तेव्हा त्या म्हणाल्या, “भावजी, तो तुमच्या दोघांचा हिशेब. माझा कुठे धरलाय?”

म्हणून माझं म्हणणं असं आहे. जाणाऱ्याने जरूर जावं. कर्जाच्या ओझ्याखाली वीस वर्षं काढण्यापेक्षा ते नक्कीच बरं, आणि ‘खेडं म्हणजे मागास’ हा आपला गंड एकदाचा सुटायला हवा. पण घर घेण्याआधी एक पूर्ण हिवाळा भाड्याने राहून बघा, जूनमध्ये नव्हे. आईवडील येणार असतील तर त्यांचा विमा हातात घेऊन जवळच्या हृदयविकार केंद्रापर्यंत स्वतः गाडी चालवून घड्याळ लावा. आणि जायचं की नाही हे घरातल्या अशा माणसाने ठरवावं, ज्याची नोकरी लॅपटॉपमध्ये नाही.

मित्राची मुलगी या ऑगस्टात नववीत जाईल. चार वर्षं तिथेच काढायची की परत यायचं, ते आत्ता ठरवावं लागेल. त्याने फोनवर विचारलं तेव्हा मी म्हटलं, वहिनींना दे. त्या म्हणाल्या, “पोरगी म्हणते राहू या. तिला घोडा शिकायचाय. मी अजून काही बोलले नाही.” मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.