बक्षीस चपट्या नाकाला, शिक्षा कुत्र्याला!

डॉग शोची बातमी ठरलेली असते आणि फोटोही ठरलेला: ट्रॉफी, हसणारे प्रमुख पाहुणे आणि जीभ बाहेर काढून धापा टाकणारा पग. २००३ च्या जाहिरातीनंतर हा कुत्रा आपल्याकडे घराघरात शिरला. अजूनही लोक त्याला 'हचवाला कुत्रा'च म्हणतात.

आता या बक्षिसाचा हिशोब मांडू. जज मार्क देतो ते जातीच्या 'स्टँडर्ड'वर. अमेरिकन केनेल क्लबचं पगचं स्टँडर्ड वाचा. डोकं मोठं आणि गोल. तोंड आखूड, बोथट, चौकोनी. डोळे खूप मोठे, पुढे आलेले. शेपटी शक्य तितकी घट्ट वळलेली, दोन वेढे असतील तर सर्वोत्तम.

हीच यादी घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे जा. हाड आखूड झालं, पण आतली मऊ टाळू तेवढीच राहिली, म्हणून श्वासाची वाट अडते. डोळे पुढे आले, म्हणून त्यांना लगेच इजा होते. डोकं मोठं, म्हणून पिल्लं अडतात आणि सिझेरियन करावं लागतं. म्हणजे जज ज्याला मार्क देतो, त्यावरच डॉक्टर औषध लिहून देतो!

कुत्रा आपल्यासारखा घामाने नाही, तर धापा टाकून अंग थंड करतो. ज्याला धड श्वासच घेता येत नाही, त्याने आपल्या मे महिन्यात करायचं काय?

'अहो, जातच तशी आहे' हे उत्तर मला मान्य नाही. जात माणसाने घडवली, नियम माणसाने लिहिले. नेदरलँड्सने २०१९ पासून नियम लावला: नाकाड कवटीच्या निदान एक तृतीयांश हवं, नाहीतर त्या कुत्र्याचं प्रजनन बंद. त्याच वर्षी ब्रिटनच्या केनेल क्लबने केंब्रिज विद्यापीठासोबत श्वासाची तपासणी सुरू केली. कुत्र्याला ३ मिनिटं दुडक्या चालीने चालवायचं, आधी आणि नंतर स्टेथोस्कोप लावायचा आणि ० ते ३ अशी श्रेणी द्यायची. याला कितीसा खर्च येतो?

आपल्या संयोजकांना माझं एवढंच सांगणं आहे: मंडपात एक पशुवैद्य बसवा. श्वास घोरत असेल, तर ट्रॉफी नाही. विषय संपला.

आणि पिल्लू घेणाऱ्यांनो, २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरची नोंदणी सक्तीची आहे आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आधी नोंदणीचा कागद मागा. मग पिल्लाच्या आईबापाला तुमच्यासमोर थोडं पळवायला सांगा आणि त्यांचा श्वास कान देऊन ऐका. 'किती क्यूट घोरतो' म्हणून हसू नका. तो घोरत नाहीये, त्याचा जीव घुसमटतोय.